उभ्या गाडीचा विमा: काय ठेवायचं, काय सोडायचं

"ताई, गाडी हलतसुद्धा नाही जागची. मग इन्शुरन्स कशाला भरायचा?"

मी सांगलीत वाहन विम्याचं काम करते आणि दर महिन्याला हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतंच. कुणाचा मुलगा नोकरीसाठी परदेशी गेलेला असतो आणि त्याची गाडी बिल्डिंगखाली कव्हर घालून ठेवलेली असते. कुणाचे वडील गेलेले असतात. गाडी त्यांच्या नावावर असते, घरात दुसरं कुणी चालवत नाही आणि विकायचं मन होत नाही. कुणी नवीन गाडी घेतलेली असते आणि जुनीला अपेक्षित भाव येत नाही म्हणून ती अंगणातच थांबलेली असते. नूतनीकरणाचा मेसेज आला की या सगळ्यांना एकच वाटतं, पाच-सात हजार उगाच जाणार.

माझं उत्तर आधीच सांगते. गाडी विकायची नसेल आणि ती कधी ना कधी रस्त्यावर येणार असेल, तर विमा खंड न पडता चालू ठेवा, आणि शक्यतो पूर्ण ठेवा. बहुतेक लोक 'फक्त थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा) घेऊ, फर्स्ट पार्टी (स्वतःच्या गाडीचं नुकसानही धरणारा पूर्ण विमा) नको' असं करतात. उभ्या गाडीच्या बाबतीत ही काटकसर उलटी पडते. का, ते सविस्तर सांगते.

कायदा नेमकं काय मागतो

मोटार वाहन कायदा १९८८, कलम १४६. सार्वजनिक ठिकाणी वाहन वापरायचं, किंवा दुसऱ्याला वापरू द्यायचं, तर त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचा विमा, म्हणजेच आपला थर्ड पार्टी, चालू असलाच पाहिजे. 'वापरू द्यायचं' हे नीट वाचा. चालवणारा कुणीही असला तरी मालक सुटत नाही. विमा नसताना पकडलं तर कलम १९६ प्रमाणे पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि पुन्हा सापडल्यास दंड ४,००० रुपये.

यातून एक गोष्ट निघते. गाडी तुमच्या स्वतःच्या बंद आवारात उभी आहे, तिथे बाहेरच्या कुणाला हक्काने येता येत नाही आणि ती तिथून हलत नाही, तर कायद्याची ही सक्ती तिला लागू होत नाही. नुसती गाडी नावावर आहे म्हणून कुणी घरी येऊन दंड करत नाही. आपल्याकडे खासगी कारचा रस्ता कर नोंदणीच्या वेळी एकरकमी भरलेला असतो, त्यामुळे तोही प्रश्न दरवर्षी येत नाही.

पण गाडी बिल्डिंगसमोरच्या रस्त्याकडेला उभी असेल तर ती सार्वजनिक ठिकाणी आहे. आणि 'उभी आहे म्हणजे वापरात नाही' असं कायदा मानतोच असं नाही. १९८७ साली आपल्याच पुणे-बंगळूर महामार्गावर पेट्रोलचा टँकर ट्रकशी धडकून उलटला. गळणारं पेट्रोल गोळा करायला आसपासचे लोक जमले. सुमारे चार तासांनी स्फोट झाला आणि ४६ माणसं गेली. नुकसानभरपाईच्या दाव्यात मुद्दा असा आला की स्फोटाच्या वेळी टँकर चालतच नव्हता, मग तो वाहनाच्या वापरातून झालेला अपघात कसा? १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे म्हणणं मान्य केलं नाही. वाहन थांबलेलं असलं, बंद पडलेलं असलं, तरी ते वापरात असू शकतं, असं न्यायालयाने सांगितलं. रस्त्याकडेला गाडी ठेवणाऱ्या प्रत्येकाने हा निकाल लक्षात ठेवावा असं मला वाटतं.

आता बंद आवारातल्या गाडीकडे वळू. ती खरंच कधीच बाहेर येत नाही का? महिन्यातून एकदा बॅटरी उतरू नये म्हणून कुणीतरी कोपऱ्यापर्यंत चक्कर मारून आणतं. मेस्त्री येतो, ब्रेक जाम झालेत म्हणतो, सोडवतो आणि ट्रायलला बाहेर काढतो. गणपतीला घर माणसांनी भरलेलं असतं, तेव्हा पुतण्या म्हणतो, काका, किल्ली द्या, स्टेशनवरून आत्याला घेऊन येतो. त्या पाच मिनिटांत एखादा स्कूटरवाला धडकला, तर भरपाई त्याच्या वयावर, कमाईवर आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्यांवर ठरते. त्रयस्थाच्या मृत्यूसाठी किंवा इजेसाठी थर्ड पार्टी विम्यात रकमेची मर्यादा नसते, अपघाताचे दावे चालवणारं न्यायाधिकरण ठरवेल तेवढी भरपाई असते. त्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी खासगी कारला साडेसात लाखांपर्यंत संरक्षण असतं. विमा नसेल तर ही सगळी रक्कम गाडी ज्याच्या नावावर आहे त्याच्या घरातून जाते. म्हणून मी पहिल्यांदा विचारते, किल्ली कुठे असते आणि ती कोण कोण घेऊ शकतं? किल्ली घरच्या खुंटीला असेल, तर गाडी 'चालवत नाही' असं मी धरत नाही.

उभ्या गाडीला खरा धोका कशाचा

पूर्ण विम्याचे, म्हणजे लोक ज्याला फर्स्ट पार्टी म्हणतात त्याचे, दोन भाग असतात. एक थर्ड पार्टी. दुसरा ओडी, म्हणजे तुमच्या स्वतःच्या गाडीचं नुकसान. या दुसऱ्या भागात अपघाताबरोबर चोरी, आग, पूर, वादळ, भूकंप, दरड, दंगल, झाड पडणं हे सगळं येतं. यातली एकही गोष्ट व्हायला गाडी चालू असावी लागत नाही. उलट, रोज वापरातली गाडी पाणी चढायला लागलं की माणूस पुलापलीकडे नेऊन लावतो. कव्हरखालची गाडी न्यायला कुणी नसतं, असलं तरी ती सुरू होत नाही.

सांगलीकरांना हे वेगळं सांगायला नको. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. गावभागातल्या, शामरावनगरातल्या तळमजल्याच्या पार्किंगमधल्या गाड्या कित्येक दिवस पाण्याखाली होत्या. पाणी उतरल्यावर दाव्यासाठी नुकसान तपासणाऱ्या सर्व्हेअरबरोबर मी फिरले. ते गाडीत शिरले की आधी सीट बेल्ट हाताला धरून शेवटपर्यंत बाहेर ओढायचे. सीट धुता येते, मॅट बदलता येते, पण बेल्ट आत ज्या गुंडाळीत जातो तिथली माती सहसा कुणी काढत नाही. बेल्ट पूर्ण बाहेर आला की त्यावर पाणी कुठपर्यंत होतं त्याची करडी रेघ दिसायची. मग डॅशबोर्डखाली फ्यूज बॉक्सची चौकशी, मग ऑइलची पट्टी काढून त्यावर दुधाळ फेस आहे का ते बघायचं. अशा कितीतरी गाड्या दुरुस्तीच्या पलीकडे गेल्या. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा रकमेच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांवर जात असेल तर कंपनी गाडी 'टोटल लॉस' धरते आणि पूर्ण आयडीव्हीच्या हिशोबाने दावा देते.

त्या वेळी माझ्या ओळखीतले एक निवृत्त शिक्षक भेटले. मुलाची गाडी त्यांच्याकडे ठेवलेली, चांगली निगा राखलेली. आदल्या वर्षी दुसरीकडून फक्त थर्ड पार्टी काढून घेतली होती, कारण गाडी फिरत नव्हती. मला विचारत होते, "बाई, यातून काहीच नाही का मिळणार?" काहीच नाही. थर्ड पार्टी दुसऱ्याच्या नुकसानीसाठी असतो, आणि त्या पुरात दुसऱ्या कुणाचं नुकसान त्यांच्या गाडीने केलेलं नव्हतं. हे त्यांना समजावताना मला फार वाईट वाटलं, कारण वाचवलेली रक्कम किती होती ते मला माहीत होतं.

ती किती असते ते उदाहरणाने बघू. १,२०० सीसीची, पाच ते दहा वर्षांच्या मधली पेट्रोल गाडी धरा, आयडीव्ही ३ लाख. थर्ड पार्टीचा हप्ता सरकार ठरवतं. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या तक्त्यात १,००० सीसीपर्यंतच्या कारला २,०९४, १,००० ते १,५०० सीसीला ३,४१६ आणि त्यावरच्या कारला ७,८९७ रुपये आहेत. म्हणजे आपल्या गाडीला ३,४१६, वर १८ टक्के जीएसटी, एकूण ४,०३१. आता ओडी. जुन्या टॅरिफच्या, म्हणजे ठरवून दिलेल्या दरपत्रकाच्या, दराने सांगलीसारख्या 'बी' झोनमध्ये (मोठी महानगरं सोडून बाकीचा भाग) हा हप्ता ३.३५१ टक्के, म्हणजे १०,०५३ रुपये होतो. कंपन्या यावर आपापली सूट देतात, ती आपण निम्मी धरू. राहिले ५,०२६. तुमचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याची सूट, ५० टक्के असेल तर त्याचेही निम्मे, २,५१३. थर्ड पार्टी मिळवून आणि जीएसटी लावून एकूण ६,९९६.

म्हणजे फक्त थर्ड पार्टी आणि पूर्ण विमा यांत फरक २,९६५ रुपयांचा. या तीन हजारांत तीन लाखांची गाडी पुरापासून, आगीपासून, चोरीपासून वर्षभर सुरक्षित राहते. तुमच्या गाडीचे आकडे वेगळे येतील, सूट कमी-जास्त असेल, पण हा फरक स्वतः काढून बघा आणि मगच ठरवा. कोटेशन घेताना दोन्ही प्रकारांची मागा.

एक गोष्ट स्पष्ट करते, म्हणजे नंतर वाद नको. उभं राहून गाडीला जे होतं ते सगळं विम्यात येत नाही. बॅटरी मेली, टायर एका जागी दबून चपटे झाले, रबर तडकलं, ब्रेक गंजून धरले, एसीचा गॅस गेला, ही झीज आहे आणि झीज विम्यात बसत नाही. उंदरांनी वायरिंग कुरतडण्याबद्दल कंपन्यांची वागणूक सारखी नसते. पॉलिसी घेण्याआधी ईमेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

खंड पडला की काय जातं

नो क्लेम बोनस म्हणजे दावा न केल्याबद्दल ओडीच्या हप्त्यात मिळणारी सूट. पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनी ५०. पॉलिसी संपल्यापासून ९० दिवसांत नूतनीकरण झालं नाही तर हा बोनस पूर्ण जातो आणि पुन्हा शून्यावरून पाच वर्षं मोजावी लागतात. वरच्याच उदाहरणात बोनस गेला तर हप्ता ६,९९६ ऐवजी ९,९६२ होतो. 'एक वर्ष भरला नाही म्हणजे एक वर्षाचे पैसे वाचले' हा हिशोब म्हणून अपुरा आहे. पुढची काही वर्षं त्यातले बरेच परत द्यावे लागतात.

इथे बहुतेकांना माहीत नसलेली एक चांगली गोष्ट आहे. हा बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. गाडी विकलीत तर विक्रीचे कागद देऊन कंपनीकडून बोनसचं पत्र घ्या. ते तीन वर्षं चालतं, आणि त्या काळात नवीन गाडी घेतली तर तिच्या ओडीवर तीच सूट लागते. मुलगा दोन वर्षांसाठी बाहेर जाणार आहे, ५० टक्के बोनस आहे, गाडी सहा-सात वर्षांची आहे, अशा घराला मी सरळ सांगते: गाडी विका, पत्र घ्या, तो आल्यावर दुसरी घ्या. उभ्या गाडीचा भाव दर वर्षी उतरत जातो. पत्रातला बोनस तीन वर्षं जसाच्या तसा राहतो.

हप्ता कमी करायचे रास्त मार्ग

पूर्ण विमा ठेवून खर्च कमी करता येतो. त्यात मी सगळ्यात आधी ॲड-ऑन, म्हणजे जादा पैसे देऊन घेतलेली वरची संरक्षणं, बघते. रस्त्यावर मदत, किल्ली हरवल्याचं संरक्षण, टायर कव्हर हे उभ्या गाडीला नको. झीरो डेप, म्हणजे भागांच्या किमतीत वजावट न करणारं कव्हर, गाडी कोरड्या आणि सुरक्षित जागी असेल तर सोडता येतं. पण पूररेषेतल्या घरांनी सोडू नये, कारण ते नसेल तर प्लास्टिक, रबर, बॅटरी यांच्या किमतीतून निम्मी रक्कम कापली जाते आणि पुरात नेमकं तेच जातं. इंजिनाच्या नुकसानीचं ॲड-ऑनही पुराच्या भागात ठेवाच.

मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा सक्तीचा म्हणून हप्त्यात धरलेला असतो. तुमच्या दुसऱ्या गाडीवर किंवा स्वतंत्रपणे तेवढ्या रकमेचा असा विमा आधीच असेल, किंवा ज्याच्या नावावर गाडी आहे त्याच्याकडे वैध लायसन्सच नसेल, तर तो इथे घ्यावा लागत नाही. गाडी आजीच्या नावावर असलेल्या घरांत हे पैसे वर्षानुवर्षं उगाच जाताना मी पाहिलेत.

स्वेच्छेने सोसायची रक्कम वाढवणं हा तिसरा मार्ग. दाव्यातले पहिले काही हजार मी सोसेन असं लिहून दिलं की ओडीत सूट मिळते. उभ्या गाडीला किरकोळ खरचटण्याचे दावे येतच नाहीत. आला तर मोठाच येतो. त्यामुळे हा सौदा तिच्यासाठी चांगला आहे.

२०२२ च्या जुलैपासून विमा नियामकाने किलोमीटरप्रमाणे हप्त्याच्या पॉलिसींना वाट मोकळी केली. वर्षात अमुक इतकेच किलोमीटर चालवीन असं सांगायचं, त्यावर ओडीचा हप्ता ठरतो. थर्ड पार्टीचा तसाच राहतो. महिन्यातून एकदा फिरवल्या जाणाऱ्या गाडीला सगळ्यात कमी किलोमीटरचा टप्पा पुरतो. त्याच वेळी एकाच मालकाच्या अनेक गाड्यांना मिळून एक पॉलिसी हाही प्रकार आला. घरात दोन गाड्या एकाच नावावर असतील तर त्याचंही कोटेशन मागून बघा. ओडोमीटरचा आकडा मात्र खराच द्या, दाव्याच्या वेळी तो तपासतात.

थर्ड पार्टी अधिक आग आणि चोरी, असा मधला प्रकारही असतो. शाखेत विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. विश्रामबागच्या उंचावरच्या घरात, कुलपाच्या गॅरेजमध्ये जुनी गाडी असेल तर तो पुरतो. नदीकाठच्या घरांना मी तो देत नाही, कारण त्यात पूर येत नाही.

आणखी एक जुनी तरतूद. २००२ च्या मोटर टॅरिफपासून 'लेड अप', म्हणजे वापर थांबवून ठेवलेल्या, वाहनांसाठी आयएमटी ११ हे कलम आहे. गाडी सलग दोन महिने किंवा जास्त गॅरेजात बंद ठेवणार असाल, आणि ते अपघातामुळे नसेल, तर आधी कंपनीला लेखी कळवून तेवढ्या काळापुरती कंपनीची जबाबदारी स्थगित करता येते. त्या काळाचं क्रेडिट पुढच्या नूतनीकरणात किंवा वाढीव मुदतीत मिळतं. आग-चोरीचं संरक्षण त्यातही चालू ठेवायला मागता येतं. काउंटरवर हे माहीत असलेला माणूस मिळेलच असं नाही, म्हणून अर्जात कलमाचा क्रमांक लिहा आणि उत्तरही लेखीच घ्या. स्थगितीच्या काळात गाडी पंपापर्यंतसुद्धा न्यायची नाही. ते पाळता येणार नसेल तर या वाटेला जाऊ नका.

गाडी नवीन असेल तर हिशोब थोडा बदलतो. सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी एकदमच घ्यावा लागतो. तो भरलेलाच असतो, दर वर्षी प्रश्न फक्त ओडीचा येतो, आणि ती स्वतंत्र पॉलिसी म्हणून मिळते. तीन वर्षांच्या आतल्या गाडीची ओडी सोडू नका, तिची किंमत अजून मोठी असते. आणि कर्ज बाकी असेल, आरसीवर बँकेचा बोजा असेल, तर निवड तुमच्याकडे नाहीच. कर्जाच्या करारात पूर्ण विम्याची अट असते.

मालक गेल्यानंतर

हा भाग मी मुद्दाम वेगळा घेते, कारण दुःखाच्या दिवसांत हे कुणाला सुचत नाही आणि पुढे त्रास होतो. गाडीचे मालक वारले तर पॉलिसी लगेच संपत नाही. मृत्यूच्या तारखेपासून तीन महिने किंवा पॉलिसीची मुदत, जे आधी येईल तोवर ती चालते. वारसांनी तीस दिवसांत आरटीओला मृत्यूची खबर द्यायची आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करायचा अर्ज करायचा. त्याच काळात मृत्यूचा दाखला आणि वारसाचे कागद घेऊन विमा कंपनीत नाव बदलून घ्यायचं. पती किंवा पत्नी, मुलं, आई-वडील यांच्याकडे गाडी आली तर नो क्लेम बोनससुद्धा त्यांना मिळू शकतो, पण तो मागावा लागतो.

मी अनेक घरांत पाहिलंय, वडील जाऊन दोन वर्षं झालेली असतात आणि ऑनलाइन नूतनीकरण त्यांच्याच नावाने चालू असतं. मुलं म्हणतात, पैसे तर भरतोय. पण दावा आला की कंपनी मालकाची ओळख मागते, सही मागते, आणि तिथे सगळं अडतं. गाडी उभी असो वा चालती, नाव बदलल्याशिवाय पुढचा हप्ता भरू नका, आधी ते काम करा.

विकलेल्या गाडीचंही असंच. एजंटाकडे गाडी दिली, पैसे आले, पण आरसी अजून तुमच्याच नावावर आहे, तर अपघातात नोंदणीकृत मालक म्हणून तुम्हीच जबाबदार धरले जाता. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे स्पष्ट केलेलं आहे. नाव बदलल्याचं 'वाहन' या सरकारी नोंदणीच्या संकेतस्थळावर दिसेपर्यंत तुमचा विमा बंद करू नका.

विमा आधीच संपला असेल तर

गाडी जागची हलवू नका. 'आता शाखेत नेऊन दाखवतो' म्हणून निघालेल्यांना मी दर वेळी थांबवते, कारण विमा नसलेली गाडी नेमकी तेव्हाच रस्त्यावर येते. खंड पडलेल्या गाडीचा पूर्ण विमा काढताना कंपनी तपासणी करते. ती घरी येऊन किंवा मोबाइलवर व्हिडिओ काढून होते. कव्हर काढा, गाडी पुसून घ्या, चारही बाजू, काच, चासिस नंबर आणि ओडोमीटर दिवसाच्या उजेडात दाखवा. ओडोमीटर दिसायला बॅटरीत जीव लागतो, म्हणून आधी चार्जर लावून ठेवा. असलेला पोचा, तडा लपवू नका. तो नोंदला गेला तर पुढचा दावा स्वच्छ राहतो. फक्त थर्ड पार्टीला बहुधा तपासणी लागत नाही आणि तो ऑनलाइन काही मिनिटांत मिळतो, पण पॉलिसीवर सुरू होण्याची तारीख आणि वेळ वाचा. पैसे भरले त्या क्षणापासूनच संरक्षण सुरू होतं असं धरून किल्ली फिरवू नका.

नव्वद दिवस झाले नसतील तर आजच नूतनीकरण करा, बोनस वाचेल.

विमा चालू झाला की चार गोष्टी एका पाकिटात ठेवा: दोन्ही किल्ल्या कुठे आहेत त्याची नोंद, आरसीची प्रत, पॉलिसी, आणि गाडीचे तारखेसह फोटो. चोरीच्या दाव्यात कंपनी दोन्ही किल्ल्या मागते. एक किल्ली मुलाबरोबर परदेशात गेलेली असेल तर तसं आधीच माहीत हवं. चोरी कळताच त्याच दिवशी पोलिसांत गुन्हा नोंदवा आणि कंपनीलाही कळवा.

पावसाळ्यात घरच्या माणसांना आणि वॉचमनला एक वाक्य सांगून ठेवा: पाण्यात उभी असलेली गाडी सुरू करून बघायची नाही. पाणी गेलेलं इंजिन सुरू केल्याने जे मोडतं ते साध्या पॉलिसीत मिळत नाही. ती टोचन करूनच हलवायची.

विमा नको, असं मी कधी सांगते

गाडी पुन्हा रस्त्यावर येणारच नसेल तेव्हा. इंजिन उतरवलेलं आहे, सुटे भाग मिळत नाहीत, पंधरा वर्षांचं पासिंग संपलेलं आहे आणि पुन्हा करायचा विचार नाही, अशी गाडी आवारात ठोकळ्यांवर असेल तर तिच्यावर हप्ता घालवू नका. पण मग ती कागदावरही संपवा. कायमची निकामी झालेली गाडी १४ दिवसांत आरटीओला कळवून नोंदणी रद्द करावी, असं कलम ५५ सांगतं. अधिकृत स्क्रॅप केंद्रात दिली तर तिथून जमा केल्याचं प्रमाणपत्र मिळतं. ते नवीन गाडीच्या नोंदणीत उपयोगी पडतं. भंगारवाल्याला नुसती ओढून दिलेली गाडी, तिचा नंबर आणि चासिस, तुमच्या नावावरच राहतात. पॉलिसीची काही मुदत बाकी असेल तर नोंदणी रद्द झाल्याचा कागद जोडून उरलेल्या काळाचा हप्ता परत मागा. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.